हो वहिनी, इथेच आहे

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला माझ्या मित्राची स्कूटर आमच्या बिल्डिंगखाली थांबायची. तो वर यायचा, हातातली कापडी पिशवी ओट्यावर ठेवायचा, भांडंभर पाणी प्यायचा आणि निघायचा. पिशवीत स्टीलचा डबा असे. त्यात साबुदाण्याची खिचडी, वरच्या ताटलीत काकडीची कोशिंबीर. त्याच्या बायकोचा गुरुवारचा उपास असायचा. आपला नवरा दर गुरुवारी या एकट्या राहणाऱ्या मित्राकडे जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला जातो, दोघं गाण्याच्या नादात उपाशी बसतील, म्हणून ती दोघांपुरती खिचडी करून देत असे. मित्र जायचा दुसरीकडेच. खिचडी मी एकटा खायचो, डबा घासून पालथा घालायचो, आणि दहाच्या पुढे तो परत येऊन डबा घेऊन घरी जायचा.

तो डबा रुखवतातला होता. कडेला मशीनने कोरलेलं तिचं सासरचं नाव होतं आणि खाली लग्नाची तारीख. घासताना ती अक्षरं बोटाला लागायची.

हे दोन वर्षं चाललं, १९९८ ते २०००. त्या दोन वर्षांत तिचा फोन माझ्याकडे चार वेळा आला. आकडा मला नक्की आठवतो. चारही वेळा तिने साधारण एकच विचारलं, "भाऊजी, हे आहेत ना तिथे?" आणि चारही वेळा मी म्हणालो, "हो वहिनी, इथेच आहे." एकदा तो खाली पान आणायला गेला होता, एकदा बाथरूममध्ये होता, एकदा डोळे मिटून मल्हार ऐकत होता. चौथ्या वेळी मी कोणतं निमित्त सांगितलं ते आठवत नाही. तोवर सवय झाली असावी.

हे सगळं मी आज सांगतोय ते मन मोकळं करण्यासाठी नाही. इतक्या वर्षांत मी स्वतःला जी जी उत्तरं दिली, तीच उत्तरं मला आजूबाजूची चांगली, सरळमार्गी माणसं देताना दिसतात, आणि ती उत्तरं चुकीची आहेत असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिलं उत्तर असं की हा त्यांचा नवरा-बायकोचा खाजगी मामला आहे, आपण मध्ये कशाला पडायचं. मीही तेच म्हणायचो. पण मध्ये न पडणं म्हणजे काय? मध्ये न पडणाऱ्याने फोनवर सांगायला हवं होतं, "वहिनी, तुमचं तुम्ही त्यालाच विचारा." मी तसं म्हणालो नाही. मी तिच्या नवऱ्याला माझ्या घरात बसवला, त्याच्या हातात पान दिलं, त्याला मल्हार ऐकवला. जो माणूस तिथे नाही त्याची जागा मी भरून काढत होतो. याला बाजूला राहणं म्हणता येत नाही.

दुसरं उत्तर जास्त चिवट आहे. प्रकरण त्याचं, शपथा त्याने मोडल्या, मी फार तर त्याच्या पापातला लहानसा वाटेकरी. आपण सगळे जबाबदारीचा असा वाटा काढतो. मुख्य माणसाकडे बारा आणे, आपल्याकडे चार आणे, आणि मुख्य माणूसच मोकळा फिरत असेल तर आपल्या चार आण्यांची काय एवढी बात. या हिशेबात एक मोठी चूक आहे आणि ती मला वहिनींनी दाखवली. मुद्दाम दाखवली नाही, सहज बोलता बोलता दाखवली.

प्रकरण उघडकीला आल्यानंतर महिनाभराने त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी मनाची तयारी करून बसलो होतो की रडतील, ओरडतील, शिव्याशाप देतील. तसं काही झालं नाही. खुर्चीवर बसल्या, पाणी नको म्हणाल्या, आणि म्हणाल्या, "भाऊजी, मला आधीपासून वाटत होतं. पण तुम्ही हो म्हणालात की मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. एकदा तर मी यांची माफी मागितली, संशय घेतला म्हणून." मग त्यांनी सांगितलं की त्या वर्षी त्यांना झोप लागत नसे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आणि मनात सारखे वाईट विचार येतात असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं.

ते वाईट विचार खरे होते. एका शहाण्या बाईने नवऱ्याच्या वागण्यातले बारीक फरक टिपले होते, त्यांचा अर्थ बरोबर लावला होता, आणि खात्री करायला ज्याच्यावर विश्वास होता त्या माणसाला फोन केला होता. तिची बुद्धी ठीक चालत होती. मी तिला सांगितलं की ती चालत नाहीये. माझ्या मित्राने तिच्याशी प्रतारणा केली. तिचा स्वतःच्या मनावरचा, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास काढून घेण्याचं काम मात्र मी केलं. ते त्याला एकट्याला जमलं नसतं. नवरा "मी तिथे होतो" म्हणाला तर बायको संशय धरू शकते, तिसरा माणूस म्हणाला की तिला स्वतःवरच संशय घ्यावा लागतो. म्हणून यात वाटा-बिटा काही नाही. त्याच्या खात्यावर जे आहे ते त्याच्या खात्यावर, माझं खातं वेगळं, आणि त्यातली रक्कम माझी मलाच फेडायची आहे.

द्रोणाचार्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यातला "नरो वा कुंजरो वा" हा भाग मराठीत म्हणीसारखा वापरला जातो, गुळमुळीत उत्तर देणाऱ्याला उद्देशून. मला त्या गोष्टीतला त्याच्या आधीचा क्षण जास्त महत्त्वाचा वाटतो. अश्वत्थामा मेला अशी आरोळी भीमाने आधीच ठोकलेली असते. द्रोणांचा त्यावर विश्वास बसत नाही, म्हणून ते युधिष्ठिराला विचारतात, कारण त्रैलोक्याचं राज्य मिळालं तरी हा खोटं बोलणार नाही अशी त्यांना खात्री असते. खोटं खरं ठरायला खऱ्या माणसाची जीभ लागते. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा तो त्या वाक्यासरशी खाली टेकला असं महाभारतकार सांगतात. माझा रथ कधी जमिनीच्या वर नव्हता. पण मित्राने आपल्या इतर चार मित्रांना सोडून मलाच का निवडलं, हे कळायला ती गोष्ट मला उपयोगी पडली. त्यातले दोघे दारू पिणारे होते, एक थापाड्या म्हणून प्रसिद्ध होता. वहिनींचा विश्वास माझ्यावर होता. त्याला माझं घर लागत नव्हतं, माझं नाव लागत होतं.

आपल्या वाङ्मयात झाकणाऱ्याचं कौतुक फार जुनं आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही आपल्या मातीतली, महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात चोरट्या प्रेमाची, दूतींची आणि सख्यांची रेलचेल आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहिताना अशीच एक प्राकृत गाथा उदाहरणाला घेतली. बाईच्या ओठावर व्रण आहे, नवरा जवळपास आहे. तिची सखी, नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने, तिलाच रागे भरते की भुंगा असलेलं कमळ हुंगू नको म्हणून बजावलं होतं, आता भोग. पुढे अभिनवगुप्ताने आपल्या 'लोचन' टीकेत या बोलण्याची फोड केली. तेच शब्द नवऱ्याला सांगतात की बायको निर्दोष आहे, शेजाऱ्यांची तोंडं बंद करतात, सवतींना गप्प करतात, चोरट्या प्रियकराला सांगतात की या खेपेला निभावलं, पुढे जपून, आणि जाणत्या श्रोत्याला सखीची हुशारी दाखवतात. एका वाक्यात इतकी माणसं सांभाळणारी ती सखी मला आजही थक्क करते. साहित्य म्हणून मी ती गाथा नाकारणार नाही. पण इतक्या बारकाईने केलेल्या त्या फोडीत नवरा येतो तो फक्त समजूत घालण्याची एक जागा म्हणून. तो त्या रात्री काय विचार करत झोपला, हे कुणी विचारत नाही. काव्यशास्त्राचं ते कामही नाही. ते काम तुमचं-माझं आहे, कारण आपल्या फोनच्या पलीकडे जागा नसते, माणूस असतं.

आपल्या बोलण्यातही हाच कल आहे. दुसऱ्याचा दोष झाकणं याला मराठीत 'पांघरूण घालणं' म्हणतात. पांघरूण आई घालते, थंडीत कुडकुडणाऱ्या लेकराला. इतका मायेचा शब्द आपण या कामाला दिला. उलट सांगणाऱ्याला चहाडखोर म्हणतो, चुगलखोर म्हणतो, काडी लावणारा म्हणतो. मित्राचं पोटात ठेवतो तो जिवाभावाचा. एक बाई दुसरीचं पोटात ठेवते तेव्हा मात्र तिच्यासाठी 'कुंटीण' हा शब्द तयार असतो. पुरुषाच्या साथीदाराला तसा झोंबणारा शब्द भाषेत मला तरी सापडलेला नाही.

चहाडीबद्दलचा हा तिटकारा वाया घालवण्यासारखा नाही, हे मी मनापासून म्हणतो. शाळेत काच कुणी फोडली असं मास्तरांनी विचारल्यावर सगळा वर्ग गप्प बसतो आणि सगळा वर्ग छड्या खातो, तेव्हा त्या गप्प बसण्यात माणुसकीचा पहिला धडा असतो. ज्याच्या हातात छडी आहे त्याच्या बाजूने जायचं नाही, इतका तो साधा धडा आहे. जातपंचायतीच्या भीतीने पळालेल्या जोडप्याला घरात लपवून "आमच्याकडे कुणी नाही" असं सांगणाऱ्याला मी हात जोडीन. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराच्या विरोधात कायदा करावा लागला, यावरूनच अशा लपवण्याची गरज किती खरी होती ते कळतं. पण नीट पाहा, या सगळ्या प्रसंगांत विचारणाऱ्याच्या हातात छडी आहे. वहिनींच्या हातात काय होतं? फोनचा रिसीव्हर. शाळेतला नियम मी त्यांच्यावर चालवला आणि स्वतःला मित्रधर्म पाळणारा समजत राहिलो.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी हाच वाद युरोपात झाला होता. मित्र तुमच्या घरात लपलाय, खुनी दारात येऊन विचारतोय, खोटं बोलावं का? इमॅन्युएल कांटने १७९७ साली लिहिलं की तिथेही खोटं बोलू नये. बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाचं म्हणणं असं की खरं सांगण्याचं कर्तव्य ज्याला खरं कळण्याचा हक्क आहे त्याच्याशीच असतं, आणि खुन्याला तो हक्क नाही. कांट मला पटत नाही. दारात खुनी आला तर मी बेलाशक खोटं बोलेन. मी कॉन्स्टंटच्या बाजूचा आहे, आणि त्याची कसोटी लावली तर माझी बाजू आणखीच लंगडी पडते. गुरुवारी रात्री तो कुठे असतो हे कळण्याचा हक्क या पृथ्वीवर कुणाला असेल तर तो त्या एका बाईला होता.

हक्क हा शब्द मी भावनेच्या भरात वापरत नाही. त्या दोन वर्षांत तिने काय काय ठरवलं ते पाहा. ती बँकेत होती. बढतीची संधी आली तेव्हा बढतीबरोबर बदली येणार होती, नागपूरला. घर विस्कटू नये म्हणून तिने बढती नाकारली. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर काढलं, हप्ते तिच्या पगारातून जायचे. दुसऱ्या मुलाचा विचार तिने त्याच काळात केला. हे सगळं ती अशा संसाराचा हिशेब मांडून ठरवत होती जो तिला वाटत होता तसा नव्हता. खरं कळल्यावर कदाचित तिने हेच ठरवलं असतं. नवऱ्याला माफ केलं असतं, नागपूर नको म्हणाली असती. पण मग ते तिने ठरवलेलं असतं. "सांगितलं असतं तर घर मोडलं असतं, मुलांचं काय झालं असतं" असं जे म्हणतात, त्यांना मला एवढंच विचारायचं आहे की घर मोडायचं की राखायचं हे ठरवायला तिला वगळून तुम्हाला कुणी बसवलं? मी बसलो होतो. तिची खिचडी खात बसलो होतो.

कायद्याचा दाखला इथे हटकून दिला जातो. भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम ४९७ हे १८६० सालचं. सर्वोच्च न्यायालयाने ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन यांच्या याचिकेवर, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने, घटनाबाह्य ठरवलं. ते जायलाच हवं होतं. त्या कलमाखाली गुन्हेगार फक्त परपुरुष, बाईला साहाय्यक म्हणूनसुद्धा शिक्षा नाही, आणि नवऱ्याची संमती किंवा डोळेझाक असेल तर गुन्हाच नाही. म्हणजे बायको ही नवऱ्याची मालमत्ता आणि तक्रार मालकाची. ज्या बाईचा नवरा बाहेर जातो तिला त्या कलमात जागाच नव्हती, ती तक्रारही करू शकत नव्हती. एकशे अठ्ठावन्न वर्षं या देशाच्या फौजदारी कायद्याला वहिनी दिसल्या नाहीत.

निकालानंतर "आता हा गुन्हाच नाही" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं, आणि त्याचा शेवट बहुतेक वेळा "मग तुम्ही कोण विचारणार" असा होत असे. न्यायालयाने पोलिसाला शयनगृहातून बाहेर काढलं. विवाहातलं खरंखोटं संपलं असं म्हटलं नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आजही आहे. मात्र तो उपाय वापरायचा तर आधी कळायला हवं. झाकणारा माणूस नेमकं तेच होऊ देत नाही. कायद्याने बाईच्या हातात ठेवलेलं हत्यार तो तिच्या नकळत कुलपात ठेवतो. पोलीस बाजूला झाल्यावर तर आपल्यासारख्यांवरचं ओझं वाढलं आहे, कारण आता या बाबतीत खरं वागायचं की नाही हे सांगायला माणसाच्या शहाणपणाखेरीज दुसरं काही उरलेलं नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारी जी गोष्ट मला सर्वांत जड वाटते ती सांगतो. समजा फोन करणारा नवरा आहे, तो बायकोला मारतो, आणि तिचं दुसरीकडे मन जडलं आहे. मैत्रिणीने "ती माझ्याकडेच आहे" म्हणायचं की नाही? माझं उत्तर, म्हणायचं. न अडखळता म्हणायचं. इथे खऱ्याची किंमत बाईच्या हाडांनी मोजली जाणार आहे. कॉन्स्टंटचा खुनी दारात उभा आहे, फक्त त्याच्या गळ्यात जानवं आहे की ताईत की टाय, एवढाच फरक.

हा भेद आपल्या कायद्यानेही एका ठिकाणी फार नेमका केला आहे. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यात, कलम ९ मध्ये, जोडीदाराला लागणीचा मोठा धोका असेल आणि समुपदेशन करूनही रुग्ण स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाली, तर डॉक्टरला किंवा समुपदेशकाला जोडीदाराला कळवता येतं, तेही रुग्णाला तशी कल्पना देऊन. आणि लगेच पुढे म्हटलं आहे की रुग्ण बाई असेल आणि सांगण्याने तिला मारहाण होईल, तिला टाकून दिलं जाईल अशी रास्त भीती असेल तर सांगू नये. डॉक्टरची गुप्तता ही मित्राच्या गुप्ततेपेक्षा किती तरी कडक. तीसुद्धा इथे अंधाराची बाजू घेत नाही. ज्याचा जीव धोक्यात, त्याची बाजू घेते. मला यातून जो प्रश्न मिळाला तो असा की विचारणाऱ्याला खरं कळलं तर तो काय करेल? हात उगारेल, की रडेल आणि स्वतःचं आयुष्य नव्याने मांडायला बसेल? पहिल्याशी खोटं बोलायला मी तयार आहे. दुसरीशी खोटं बोलण्याचा मला काही अधिकार नाही.

यात एक पळवाट आहे याची मला जाणीव आहे. प्रत्येक मित्र येऊन सांगतो की माझं वेगळं आहे. माझा मित्रही सांगायचा, "आमच्यात आता काही उरलं नाही रे." दोघांपुरती खिचडी दर गुरुवारी येत असताना मी ते मान डोलावून ऐकलं. सर्वांत अवघड प्रसंग मला वाटतो तो घरच्यांच्या दडपणाखाली लग्न लावून दिलेल्या आणि पुरुषाकडे ओढा असलेल्या पुरुषाचा. कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते त्याच सप्टेंबर २०१८ मध्ये, ६ तारखेला. त्याआधी असा माणूस झाकाझाक करत होता ती तुरुंगाच्या भीतीने. त्याच्या मित्राला मी दोष देणार नाही. पण त्या घरातही एक बाई आपलंच काहीतरी चुकतंय, आपणच पुरेशा चांगल्या नाही असं समजून वर्षानुवर्षं कुढत असते. तिचं दुःख खरं आणि त्याचंही खरं. तिथे काय करावं याचं उत्तर माझ्याजवळ तयार नाही. तुरुंगाची भीती गेल्यावर मात्र झाकण्याचं ते कारण पूर्वीइतकं भक्कम राहिलेलं नाही, एवढं मी म्हणेन.

जबाबदारी सगळ्यांची सारखी नसते हेही म्हटलं पाहिजे. साहेबांना कुठे सोडलं असं बाईसाहेबांनी विचारल्यावर "मीटिंगला" म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या मागे त्याची दोन मुलं आणि खोलीचं भाडं उभं असतं. त्याच्या जिभेवर त्याची एकट्याची मालकी नसते. तिथे खोटं त्याच्या तोंडून निघालं तरी ते बोलणारा साहेबच. आणि मुलांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. आठ वर्षांच्या पोरीला आइस्क्रीम खाऊ घालून "त्या मावशी भेटल्या होत्या हे आईला सांगू नकोस हं" असं सांगणारे बाप आहेत, आया आहेत. त्या पोरीला त्या दिवसापासून घरात पाहुण्यासारखं, जपून बोलत राहावं लागतं. या सगळ्या प्रकारात मला अक्षम्य वाटणारी कुठली गोष्ट असेल तर ती ही.

मला कुणाची नोकरी जायची नव्हती, मी आठ वर्षांचा नव्हतो. मी अडतीस वर्षांचा होतो आणि "हे माझ्याच्याने होणार नाही" हे वाक्य मला येत होतं.

मग मी तिला जाऊन सांगायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. ज्याला त्याला गाठून घरोघरच्या बातम्या पोचवत फिरणारा माणूस सत्याची सेवा करतो असं मी मानत नाही. त्यात बऱ्याचदा स्वतःची हौस असते. न विचारता सांगणं आणि विचारल्यावर खोटं बोलणं, या दोन टोकांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा आहे, आणि आपण ती नाहीच असं धरून चालतो. मी पहिल्या गुरुवारीच मित्राला म्हणू शकलो असतो, "तुझं तू बघ. मी आपणहून काही बोलणार नाही. पण वहिनींचा फोन आला तर तू इथे आहेस असं मी म्हणणार नाही." एवढंच. यात चहाडी नाही, उपदेश नाही. जीभ माझी आहे आणि ती भाड्याने मिळणार नाही, इतकंच त्याला कळलं असतं. मग त्याला ठरवावं लागलं असतं, दुसरा कुणी शोधायचा, की घरी जाऊन बोलायचं. तो रागावला असता. कदाचित मैत्री तुटली असती. ती तशीही तुटली. प्रकरण उघड झाल्यावर तो मला टाळायला लागला, कारण मी त्याला त्याच दिवसांची आठवण करून द्यायचो.

वहिनींची मी माफी मागितली, त्याच दिवशी, त्या खुर्चीत बसल्या असताना. त्यांनी ती स्वीकारली नाही आणि नाकारलीही नाही. उठता उठता म्हणाल्या, "खिचडी तरी तुम्ही खायचात ना, की टाकून द्यायचात?" मी म्हणालो, खायचो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुन्हा कधी मी त्यांना वहिनी म्हणून हाक मारू शकलेलो नाही. बाजारात दिसल्या तर नमस्कार करतो, त्याही करतात.

गेल्या वर्षी माझ्याबरोबर काम करणारा एक तरुण, लग्नाला चार वर्षं झालेला, संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. आता फोन करून विचारण्याचे दिवस गेले, आता लोकेशन पाठवावं लागतं, फोटो पाठवावा लागतो. त्याला शनिवारी माझ्या घरी असल्याचा एक फोटो हवा होता, आधीच काढून ठेवलेला, शर्ट बदलून. "सर, तुमच्याबरोबर म्हटलं की ती काही विचारत नाही," तो म्हणाला. मी त्याला नाही म्हणालो. आणि तिने मला विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, हेही सांगितलं. तो बराच वेळ मोबाइल उलटासुलटा करत बसला, मग "ठीक आहे सर" म्हणून उठला. नंतर त्याने हा विषय काढला नाही, आणि हल्ली तो माझ्या टेबलाशी चहालाही थांबत नाही. शनिवारी त्याने कुणाला विचारलं, की गेलाच नाही, मला माहीत नाही. त्याची बायको एकदा कार्यालयाच्या स्नेहसंमेलनाला आली होती. तिने मला वाकून नमस्कार केला होता.